लातूरच्या रीफ टाकीतील सूक्ष्म घटक: तपासणी आणि डोसच्या नोंदी

२ फेब्रुवारी

रीफची, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ सांभाळायची टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी, खाली संप (पाणी गाळायची जोडटाकी). आकारमानाचा हिशेब काचेच्या मापावरून केलेला नाही. भरताना २० लिटरचे कॅन मोजले, दहा लागले. म्हणजे खडक-वाळू वजा जाता पाणी २०० लिटर. पुढचा प्रत्येक डोस याच आकड्यावर. बाहेरच्या मापावरून हिशेब केला तर संपसह २६० लिटर येतात आणि प्रत्येक डोस तीस टक्क्यांनी जास्त पडतो.

जीव: झोअँथस, मशरूम, एक लेदर, झेनियाचा गुच्छ (हे चारही दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ), सहा टर्बो गोगलगायी, दोन सफाई कोळंब्या, चार मासे. खडक कृत्रिम. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे ठेवलेले नाहीत. ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार 'चालतंय हो' म्हणाला तरी चालत नाही.

दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदलले की सूक्ष्म घटकांची (आयोडीन, मँगनीजसारख्या अगदी थोड्या लागणाऱ्या) चिंता नको, असा सल्ला मिळतो. लातूरला त्याचा हिशेब असा होतो: ३० लिटर पाणी, त्यात साधारण १.१ किलो मीठ, आणि आरओतून (झिल्लीतून पाणी ढकलून क्षार काढणाऱ्या यंत्रातून) वाया जाणारे आणखी ९० लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. इथे आठवड्याला सव्वाशे लिटर पाणी टाकीवर घालवणे पटत नाही. म्हणून पाणीबदल महिन्यातून एकदाच, बाकीचे मोजून भरून काढायचे. या नोंदी त्यासाठीच. वाया जाणारे पाणी ड्रममध्ये जाते, ते फरशी आणि संडासाला वापरायचे.

४ फेब्रुवारी

सूक्ष्म घटकांकडे वळण्याआधी रोजचे किट तपासून घेतले. केएचचे (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारतेचे, एकक डीकेएच) किट टाकीत ८.० डीकेएच दाखवत होते. खात्रीसाठी ८ डीकेएचचे प्रमाण द्रावण घरीच केले: सोडियम बायकार्बोनेट २.४० ग्रॅम १ लिटर शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यात, आणि त्यातले १०० मिली पुन्हा १ लिटरपर्यंत पातळ. थेट ०.२४ ग्रॅम तोलू नये, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तिथे चार टक्क्यांची चूक होते. खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेटच, पण पाकीट ताजे हवे आणि ते बेकिंग पावडरचे नको.

किटने या द्रावणाला ८.९ दाखवले. बाटली दिव्यांच्या वरच्या फळीवर होती, सतत गरम. त्यातले आम्ल कमजोर पडले की रंग बदलायला जास्त थेंब लागतात आणि आकडा फुगतो. टाकीचा खरा केएच ७.२. किट आता फ्रिजच्या दारात. वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचे, थंड थेंबाचा आकार वेगळा पडतो.

५ फेब्रुवारी

केएचचा खप तीन दिवसांच्या फरकावरून रोज ०.३ डीकेएच. कोरलाइन (चुन्याचा थर धरणारे) शैवाल काचेवर चांगले धरले आहे, त्याचाच खप. डोसरच्या (ठरल्या वेळी द्रावण सोडणाऱ्या पंपाच्या) दोन बाटल्या भरल्या:

एकीत सोडियम बायकार्बोनेट ६० ग्रॅम प्रति लिटर, रोज ३० मिली. दुसरीत कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५२ ग्रॅम प्रति लिटर, रोज ३० मिली. १ डीकेएच खपतो तेव्हा कॅल्शियम सुमारे ७ मिग्रॅ प्रति लिटर खपते, त्यावरून ही जोडी बसते. दोन्ही डोसांत किमान दोन तासांचे अंतर. एकाच जागी पाठोपाठ पडले की पाणी दुधाळ होते आणि दोन्ही घटक पांढऱ्या भुकटीच्या रूपात संपच्या तळाला बसतात.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. या जोडीतून मागे साधे मीठ उरते, इथे दिवसाला सव्वा ग्रॅम. वर्षभरात ते २०० लिटरमध्ये लिटरमागे दोन ग्रॅमच्या वर जाते. खारटपणा ३५ वर (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) ठेवायचा म्हणून आपण खारे पाणी काढून गोडे टाकतो, आणि त्याबरोबर पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड हळूहळू पातळ होतात. कमी पाणीबदलाच्या टाकीत पोटॅशियम 'प्रवाळांनी खाल्ले' असे म्हणतात, त्यातला बराच भाग असा निघून गेलेला असतो.

११ फेब्रुवारी

आयसीपी तपासणीचा (प्रयोगशाळेत एकाच नमुन्यातून अनेक घटक मोजतात ती) पहिला नमुना काढला. त्याआधी ३६ तास कुठलाही डोस नाही, फक्त केएच-कॅल्शियम चालू. कुपी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळली. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही. नमुना पृष्ठभागाखालून, परतीच्या प्रवाहाजवळून घ्यायचा. हाताला क्रीम, साबण, माशांचे खाद्य काही नको. क्रीममध्ये झिंक असते आणि आपण एका लिटरमध्ये ग्रॅमचा लाखावा भाग मोजतो आहोत.

जवळच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत हे का होत नाही, असे इथे प्रत्येक जण विचारतो. तिथे लोह, जस्त, मँगनीज, तांबे मोजायचे यंत्र असतेच. अडचण मिठाची. लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी त्या यंत्राच्या फवाऱ्यात साचते आणि क्षारांच्या गर्दीत मायक्रोग्रॅमचा आकडा भरवशाचा राहत नाही. समुद्राच्या पाण्यासाठी बसवलेली पद्धतच लागते.

अहवालाला तीन-चार आठवडे लागतील. त्यातल्या फॉस्फेटच्या आकड्यावर विसंबायचे नाही, गरम कुरिअरच्या डब्यात तो बदलतो. फॉस्फेट इथेच मोजायचे.

६ मार्च

अहवाल आला. खारटपणा ३६.८. आपला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारे साधन) ३५ दाखवतो.

आधी हेच निस्तरायचे. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावला होता. शून्याला बरोबर असलेले साधन ३५ ला बरोबर असेलच असे नाही. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम पाण्यात विरघळवले की ते द्रावण प्रकाशाला ३५ च्या समुद्रपाण्याइतकेच वाकवते. त्यावर आपले साधन ३३.३ दाखवत होते. स्क्रू फिरवून ३५ वर आणले. द्रावण बाटलीत घट्ट झाकून ठेवले आहे, दर महिन्याच्या १ तारखेला पडताळायचे.

आता अहवाल वाचायची रीत. प्रत्येक आकडा ३५ भागिले ३६.८, म्हणजे ०.९५ ने गुणायचा, मगच तुलना. पोटॅशियम ३८१ मिग्रॅ छापले आहे, ते वाचून 'ठीक आहे' म्हणून मोकळे झालो असतो. खरे मूल्य ३६२. समुद्रात ते सुमारे ४०० असते.

दुरुस्त केलेले बाकी आकडे, सगळे लिटरमागे: कॅल्शियम ४१८, मॅग्नेशियम १३१०, स्ट्रॉन्शियम ७.४ मिग्रॅ, तिन्ही ठीक. आयोडीन २३ मायक्रोग्रॅम, समुद्रात ६० च्या आसपास. मोलिब्डेनम ९, चांगले. जस्त ६. तांबे सापडले नाही. मँगनीज, लोह सापडले नाही, आणि निरोगी टाकीतही ते बहुधा सापडत नाहीत. सिलिकॉन ५२० मायक्रोग्रॅम. हा आकडा खटकतो.

७ मार्च

सिलिकॉन कुठून? समोरच्या काचेवर दोन दिवसांत तपकिरी थर येतो, तो डायटमचा (सिलिकावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा). आपले बोअर बसाल्टमधले. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून आलेल्या पाण्यात सिलिका भरपूर. आरओची झिल्ली बरीचशी अडवते, उरलेली डीआय रेझिनने (आरओनंतर उरलेले क्षार धरणाऱ्या मण्यांनी) धरायची असते. रेझिन संपत आले की सगळ्यांत आधी तीच सुटते, आणि टीडीएस मीटरला तिचा पत्ता लागत नाही, कारण मीटर वीजवाहकता मोजतो आणि सिलिका वीज वाहत नाही म्हटले तरी चालेल. मीटरवर ०-१ दिसत होते, सिलिका मात्र पुढे जात होती.

केलेले बदल: डीआयची दोन नळकांडी एकामागे एक. पहिल्याचा रंग अर्ध्यावर बदलला की ते काढायचे, दुसरे पहिल्याच्या जागी आणि नवे मागे. आरओ सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे पाणी डीआयमध्ये न नेता बाहेर सोडायचे. थांबलेल्या झिल्लीतून क्षार सावकाश पलीकडे झिरपतात. आज पहिल्या मिनिटाला १९०, पाचव्या मिनिटाला २७ टीडीएस होते. दिवसातून दहा वेळा थोडे-थोडे पाणी करण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच १०० लिटर करावे.

बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडही असतो. तो झिल्लीतून सरळ जातो आणि रेझिन खातो. आरओचे पाणी ड्रममध्ये हवेच्या दगडाने रात्रभर फेसाळून सकाळी डीआयमधून काढायचे. असे केले की रेझिन जास्त टिकते.

८ ते १२ मार्च

खारटपणा: ९.८ लिटर टाकीचे पाणी काढून तितकेच गोडे, दोन दिवसांत विभागून.

पोटॅशियम: ३६२ वरून ३९५ वर न्यायचे. ३३ × २०० = ६६०० मिग्रॅ. पोटॅशियम क्लोराइडमध्ये पोटॅशियम ५२.४ टक्के, म्हणून १२.६ ग्रॅम. चार दिवस रोज ३.१५ ग्रॅम, अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून संपमध्ये.

आयोडीन: पोटॅशियम आयोडाइड १.३१ ग्रॅम १ लिटर पाण्यात, म्हणजे १ मिलीमध्ये १ मिग्रॅ आयोडीन. काळी बाटली, वर तारीख. तूट ३७ × २०० = ७.४ मिग्रॅ. तीन दिवस २ मिली, चौथ्या दिवशी १.४. त्यानंतर रोज अर्धा मिली.

लुगॉलचे (आयोडीनचे तयार) द्रावण थेंबाने का नाही? पाच टक्क्यांच्या लुगॉलच्या एका थेंबात ६ मिग्रॅच्या वर आयोडीन असते. २०० लिटरमध्ये एक थेंब म्हणजे ३० मायक्रोग्रॅमची उडी, समुद्रातल्या पातळीच्या निम्मी. लहान थेंब, मोठा थेंब एवढ्यावर टाकीचे भवितव्य ठेवता येत नाही. जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन तर टाकीच्या आसपासही नको.

१५ मार्च

रसायने कुठली, हे लिहून ठेवणे गरजेचे आहे, कारण इथे कृषी सेवा केंद्र प्रत्येक चौकात आहे आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. सोयाबीनला पिवळेपणा आला की फेरस आणि झिंकची फवारणी आपल्याला नवी नाही. पण ते माल टाकीत वापरायचे नाहीत. लाल पोटॅशचा रंग त्यातल्या लोहमय मातीचा असतो. चिलेटेड मिश्रणात जस्त-लोहाच्या जोडीला तांबेही असते, आणि पिकाला पोषक असलेली तांब्याची मात्रा गोगलगायीला मारते. प्रयोगशाळा दर्जाचा माल, डब्यावर शुद्धता आणि अशुद्धींचा तक्ता असलेला, एवढाच घ्यायचा. १०० ग्रॅम आयोडाइड या टाकीला अनेक वर्षे पुरते, त्यामुळे महाग वाटले तरी महाग नाही.

२२ मार्च

डीआय रेझिन संपले, मागवलेले यायला वेळ आहे. तोपर्यंत बाष्पीभवनाच्या भरपाईला घरच्या पिण्याच्या आरओचे पाणी. टीडीएस ६२.

३० मार्च

बाष्पीभवन रोज ५ लिटर. केएच ७.४, स्थिर.

१४ एप्रिल

झेनियाची उघडझाप मंदावली. लेदरने चार दिवस तोंड उघडलेले नाही. सहापैकी तीन टर्बो वाळूवर उलट्या, काचेवर चिकटवल्या तर खाली पडतात. मासे व्यवस्थित खातात. केएच ७.५, खारटपणा ३५, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, तापमान २६.५.

मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव आजारी, असे दिसले की पहिला संशय धातूवर. आयोडीन जास्त झाले का, हीही शंका होती. सगळे सूक्ष्म डोस थांबवले, पण रोज अडीच मायक्रोग्रॅमने एवढे होत नाही.

१५ एप्रिल

पाण्याची वही पाहिली. गेल्या चार आठवड्यांत बदललेली गोष्ट एकच: २२ मार्चपासून भरपाईचे पाणी. घरच्या आरओ यंत्राचे झाकण काढून आत पाहिले. झिल्लीच्या पुढे आणखी एक नळकांडे, वर छापलेले: कॉपर-झिंक मिनरल. पिणाऱ्या माणसाला ते चालते. टाकीसाठी ते २४ दिवस चाललेला विषाचा डोसर ठरले.

हिशेब मांडून ठेवतो, कारण कोरड्या हवेत रीफ सांभाळणाऱ्याने हा हिशेब रोज डोक्यात ठेवला पाहिजे. बाष्पीभवनात फक्त पाणी जाते. भरपाईच्या पाण्यात जे असेल ते सगळे मागे राहते. दिवसाला ५ लिटर म्हणजे ४० दिवसांत टाकीच्या पूर्ण आकारमानाइतके पाणी तिच्यात ओतले जाते. त्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम तांबे असले तरी ४० दिवसांनी टाकीत १० मायक्रोग्रॅम चढतात, समुद्राच्या नैसर्गिक पातळीच्या तीस-चाळीस पट. बाटलीतून मोजून मिलीभर देतो त्या डोसपेक्षा भरपाईचा ड्रम हा कितीतरी मोठा डोस आहे.

नमुना घेतला, कुरिअर केला. अहवालाची वाट न पाहता: घरच्या आरओचे पाणी बंद. धातू शोषणारे रेझिन ५० मिली, जाळीच्या पिशवीत, संपमध्ये जिथून पाणी जोरात जाते तिथे. कार्बन १०० ग्रॅम, दर आठवड्याला नवा. ३० लिटरचे दोन पाणीबदल, चार दिवसांच्या अंतराने, त्यासाठी शून्य टीडीएसचे पाणी शेजारच्या शहरातल्या एका टाकीवाल्याकडून कॅनमध्ये आणले.

फक्त पाणीबदलावर का नाही? १५ टक्क्यांच्या प्रत्येक बदलाने ८५ टक्के मागे राहतात. लिटरमागे १९ मायक्रोग्रॅम तांब्याचे (आकडा नंतरच्या अहवालातला) ३ व्हायला बारा बदल लागतील, ३६० लिटर. शिवाय खडकाने धरलेले तांबे हळूहळू परत सुटते, तेव्हा पाण्यात कायम काहीतरी शोषणारे हवे.

२३ एप्रिल

रेझिनचे मणी निळसर हिरवे. पिशवी उघडून पाहिली तर बाहेरचा थर गडद, आतला अजून फिका, म्हणजे पाणी मध्यापर्यंत पोचत नाही. पिशवी सपाट करून दोन काड्यांमध्ये ताणून बसवली. झेनिया मंद का होईना हलते आहे. दोन टर्बो गेल्या.

९ मे

१५ एप्रिलच्या नमुन्याचा अहवाल: तांबे १९, जस्त ६४ मायक्रोग्रॅम. खारटपणा ३५.१. वरचा १९ चा हिशेब आज भरला. पाण्यात दिसणारे तांबे ३.८ मिग्रॅ, भरपाई १२० लिटर, म्हणजे त्या पाण्यात लिटरमागे किमान ३२ मायक्रोग्रॅम. खडकात मुरलेले धरले तर जास्त. हॉबी किटच्या पट्टीवर १९ आणि शून्य यांत फरक दिसत नाही.

१८ मे

बाहेर ४२ अंश. पंख्यांनी टाकी २७ वर. आपल्याकडची कोरडी हवा पंख्याला साथ देते: एक लिटर पाणी उडताना घेऊन जाते तेवढी उष्णता २०० लिटर पाणी जवळपास ३ अंशांनी थंड करायला पुरते. पण बाष्पीभवन आता ७ लिटर. ऑटो टॉप-ऑफ (उडालेले पाणी आपोआप भरणारी सोय) एक दिवस अडकला तर खारटपणा ३५ चा ३६.३. फ्लोटवर मीठ धरते, दर रविवारी व्हिनेगरने पुसायचा. लाइट गेली की इन्व्हर्टरवर परतीचा पंप, एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह फिरवणारा पंप) आणि टॉप-ऑफ, एवढेच.

८ जून

तिसरा नमुना. रेझिन २५ मिलीवर आणले. ते उपयोगी धातूही ओढते, म्हणून ते आत असेपर्यंत मँगनीज-लोहाचा विचार नाही. आयोडीन १ मेपासून रोज अर्धा मिली पुन्हा सुरू आहे.

२ जुलै

अहवाल: तांबे २.६, जस्त ९, सिलिकॉन ११०, पोटॅशियम ३९१, आयोडीन ७१. आयोडीन रोज ०.३ मिलीवर आणले. सिलिकॉनचा उतार दोन नळकांड्यांमुळे, काच आता आठवड्याने पुसावी लागते. लेदरने कातडी टाकून तोंड उघडले आहे.

५ जुलै

रेझिन काढले. मँगनीज सुरू: मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.३६ ग्रॅम १ लिटरमध्ये, दोन थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, नाहीतर तपकिरी गाळ बसतो. १ मिलीत ०.१ मिग्रॅ. रोज १ मिली, दिवे लागायच्या वेळी, टाकीत अर्धा मायक्रोग्रॅम. हे अहवालात दिसणार नाही, दिवसभरात वापरले जाते किंवा बसते. त्यामुळे पडताळा आकड्यावर घ्यायचा नाही. झोअँथसच्या एकाच वसाहतीचा फोटो, त्याच दिव्यात, त्याच वेळी, दर रविवारी. दोन आठवडे दुसरा कुठलाही बदल नाही. दोन घटक एकदम सुरू केले तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

१९ जुलै

फोटो तीन. फरक सांगता येईल असा नाही. मँगनीज तेवढेच, आणखी दोन आठवडे. पाऊस लागल्यापासून हवा दमट, बाष्पीभवन ३ लिटर, पंखे पूर्ण वेगावर असूनही २७.८. चिलर लावला.

गावाला गेल्यावर टाकी पाहणाऱ्यासाठी संपच्या दारावर चिठ्ठी लावली आहे: 'काका, निळ्या झाकणाच्या ड्रममधलेच पाणी. ते संपले तर फोन करा, दुसरे कुठलेही ओतू नका. एक दिवस कमी भरले तरी चालेल.'

पुढचा नमुना १० ऑगस्टला. आयोडाइडची बाटली १२ सप्टेंबरला नवी करायची.